माळ्यावरची दोन शहरं

आमच्या घरात टीव्ही बघणारी माणसं तीन आणि तिघांच्या तीन तऱ्हा. सासूबाईंना रात्री मराठी मालिका लागतात. नवऱ्याला क्रिकेट लागतं, आणि कॉलेज फिलाडेल्फियात झाल्यामुळे सप्टेंबर उजाडला की ईगल्सचं फुटबॉलही लागतं. मला संध्याकाळच्या बातम्या आणि पीबीएसवरच्या इंग्रजी गुप्तहेर मालिका पुरतात. एवढ्यासाठी आम्ही न्यू जर्सीत, प्लेन्सबरोला बसून, एका डिश कंपनीला महिन्याला सव्वाशे डॉलरच्या वर मोजत होतो. २०२४ साली टॅक्सचे कागद काढताना ते बिल मी पहिल्यांदा नीट वाचलं. पाहुण्यांच्या खोलीतल्या टीव्हीच्या बॉक्सचं भाडंही त्यात होतं. त्या टीव्हीवर आम्ही धुतलेल्या चादरी ठेवतो. मी व्यवसायाने अकाउंटंट आहे, हे इथे सांगायलाच हवं का?

डिश बंद करायला फोन केला. पलीकडची बाई इतकी गोड बोलली, की फोन ठेवला तेव्हा डिश चालूच होती, वर काही महिन्यांची सवलत आणि आणखी एक सिनेमाचं चॅनल पदरात पडलं होतं. नवऱ्याने विचारलं, "झालं का बंद?" मी म्हटलं, "जवळजवळ."

सवलत संपेपर्यंत तयारी करायची असं ठरवलं आणि दुकानातून एक चपटा अँटेना आणला. कागदासारखा पातळ, खिडकीला चिकटवायचा. खोक्यावर मैलांचा असा काही आकडा छापला होता की वॉशिंग्टनसुद्धा दिसायला हरकत नव्हती. टीव्हीच्या मेनूत 'चॅनल स्कॅन' नावाचा प्रकार असतो. त्यात टीव्ही एकेक फ्रिक्वेन्सी चाचपत जातो आणि सापडेल त्याची यादी करतो. आमच्या टीव्हीला दागिने विकणारं एक चॅनल सापडलं, प्रवचनांचं एक सापडलं आणि एक स्पॅनिश मालिकांचं. ते स्पॅनिश तेवढं स्वच्छ दिसत होतं. सासूबाई अर्धा तास बघत बसल्या आणि म्हणाल्या, "भाषा नाही कळली गं, पण धाकटी सून घर फोडणार एवढं नक्की." बातम्यांच्या चॅनलवर मात्र निवेदकाचा चेहरा चौकोना-चौकोनांत फुटायचा, मग पडदा काळा. पूर्वी सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण मुंग्यांच्या आडून माणूस दिसायचा. डिजिटलमध्ये तसं काही नाही. चित्र आहे तर आहे, नाहीतर काहीच नाही. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी १२ जून २००९ला जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं, हे मला पंधरा वर्षं उशिरा कळलं. डिशवाल्याला कळत होतं, तेवढं आम्हाला पुरत होतं.

मग वाटलं, अँटेनाचं तोंड चुकत असेल. म्हणून तो खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात आभाळाकडे तिरपा केला. आमची छत्री आभाळाकडेच बघायची ना! शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना हॅम रेडिओचा नाद आहे आणि त्यांच्या परसात तारांचं जाळं आहे. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना त्यांना माझा तिरपा अँटेना दिसला. त्यांनी फार शांतपणे समजावलं. डिश जिथून चित्र घेते तो उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच असतो, म्हणून आपल्याकडच्या सगळ्या छत्र्या दक्षिणेच्या बाजूला मान वर करून असतात. साध्या अँटेनाचं चित्र येतं ते जमिनीवरच्या मनोऱ्यावरून, म्हणून तो समोर बघतो, क्षितिजाकडे. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "तुम्हाला कोणतं शहर हवंय?"

हा प्रश्न मला आधी कळलाच नाही. त्यांनी एफसीसीची, म्हणजे इथल्या दळणवळण आयोगाची, एक वेबसाइट दाखवली. आपला पत्ता घातला की कोणत्या केंद्राचा सिग्नल किती जोरात येतो आणि कुठल्या दिशेने, याचा नकाशा निघतो. आमचं गाव न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया यांच्या अगदी अध्येमध्ये. मॅनहॅटनचं टोक इथून साधारण ४० मैल ईशान्येला, आणि फिलाडेल्फियाच्या वाहिन्यांचे मनोरे जिथे दाटीने उभे आहेत ते रॉक्सबरो जवळजवळ तितकंच नैर्ऋत्येला. म्हणजे एक शहर नाकासमोर धरलं की दुसरं बरोबर पाठीमागे. डिशवर आम्हाला फक्त न्यूयॉर्क मिळायचं. आमचा मिडलसेक्स काउंटी टीव्हीच्या हिशेबात न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत मोडतो, तर शेजारचा मर्सर काउंटी फिलाडेल्फियाच्या. त्यामुळे रविवारी नवऱ्याला ईगल्सऐवजी पुष्कळदा न्यूयॉर्कच्या जायंट्सची मॅच बघावी लागायची आणि तो दिवसभर घुश्शात असायचा. इतकी वर्षं मी याला स्वभाव समजत होते. ती काउंटीची हद्द निघाली.

न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांचीही एक गोष्ट आहे. बहुतेक वाहिन्यांचे अँटेने वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तरेकडच्या इमारतीवर होते. ११ सप्टेंबर २००१ला ती कोसळली तेव्हा अँटेन्यावर टीव्ही बघणाऱ्यांची एकामागून एक चॅनल्स गेली. सीबीएसचं २ नंबरचं चॅनल टिकलं, कारण त्यांचा पर्यायी ट्रान्समीटर एम्पायर स्टेट बिल्डिंगवर होता. पुढे बरीच वर्षं ती बिल्डिंगच सगळ्यांचा भार वाहत होती. नंतर काही वाहिन्या नव्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या शिखरावर परतल्या. हे वाचत बसले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. वरणाचा पार लगदा झाला.

नकाशात प्रत्येक चॅनलपुढे दोन आकडे दिसत होते. एनबीसीचं चॅनल पडद्यावर ४.१ असतं, पण त्याची खरी लहर ३५ नंबरच्या पट्ट्यातून येते. डिजिटल आल्यावर केंद्रांनी जागा बदलल्या, मग वरचे पट्टे मोबाइल कंपन्यांना विकल्यावर २०२० पर्यंत पुन्हा बदलल्या, पण लोकांच्या तोंडी बसलेले जुने नंबर दाखवण्यापुरते तसेच ठेवले. माझ्या अकाउंटंट डोक्याला हे लगेच पटलं. पुस्तकी किंमत वेगळी, बाजारभाव वेगळा. खरी गोम पुढे होती. अँटेनाच्या दांडीची लांबी लहरीच्या लांबीशी जुळावी लागते, साधारण निम्मी. ३५ नंबरसाठी ती २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर. न्यूयॉर्कच्या एबीसीचं ७ नंबरचं चॅनल मात्र खरोखरच ७ वर येतं, त्याला पाऊण मीटरच्या वर दांडी हवी. आणि फिलाडेल्फियाचं ६ नंबर खरोखरच ६ वर, एफएम रेडिओच्या अगदी शेजारी. तिथली लहर साडेतीन मीटरची, म्हणजे दांडी पावणेदोन मीटर. मी टेप घेऊन खिडकीतला चपटा अँटेना मोजला. फूटभर भरला.

मग एक मोठा अँटेना मागवला. एका दांडीवर फुलपाखरासारख्या चार जोड्या आणि मागे तारेची जाळी. या जाळीला रिफ्लेक्टर म्हणतात, म्हणजे परतवणारी. समोरून आलेला सिग्नल ती पुन्हा समोरच्या जोड्यांवर टाकते आणि मागून येणारा अडवते. हा कुठे लावायचा? नवऱ्याने कॉलनीच्या असोसिएशनची भीती घातली. मी शोधाशोध केली तर एफसीसीचा १९९६चा नियमच सापडला. आपल्या मालकीच्या छतावर टीव्हीचा अँटेना किंवा मीटरभराची डिश लावायला असोसिएशनला मनाई करता येत नाही. नियम छापून हातात घेतला आणि अंगणात शिडी लावली. चार पायऱ्या चढून खाली बघितलं. कायद्याने छतावर चढायची परवानगी आहे, सक्ती नाही, असा मी अर्थ लावला आणि अँटेना पोटमाळ्यावर नेला.

इथल्या घरांचा माळा म्हणजे आपल्याकडे पापडाचे डबे ठेवायचा माळा नव्हे. कपाटाच्या छतात एक झाकण असतं, ते ढकलून वर जायचं. वर ताठ उभं राहता येत नाही. पाय फक्त तुळयांवर ठेवायचा, कारण मधल्या गुलाबी कापसाखाली नुसतं प्लास्टरचं पातळ छत असतं, खाली थेट बेडरूम. तो कापूस काचेच्या तंतूंचा असतो. मी अर्ध्या बाह्यांचा टॉप घालून गेले होते. रात्रभर हात खाजत होते आणि सासूबाई खोबरेल लावत म्हणत होत्या, "डिशवाला मुलगा बरा होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा."

दिशा धरली फोनमधल्या होकायंत्राने. ईशान्य बघून अँटेना तुळईला बांधला, स्कॅन केला, चॅनल्स आली तीच दागिन्यांची. शेजारचे काका माळ्याच्या झाकणातून डोकं वर काढून बघू लागले. माझ्यापासून हातभर अंतरावर एअर कंडिशनिंगचा भलामोठा लोखंडी पेटारा आणि पत्र्याचे डक्ट. होकायंत्राने त्यांनाच उत्तर मानलं होतं. काकांनी कागदावर दाखवलं की माझा अँटेना आग्नेयेला, किनाऱ्यापलीकडे अटलांटिक महासागर बघतोय. त्यांची युक्ती सोपी होती. फोनवर वरून काढलेल्या फोटोंचा नकाशा उघडायचा, त्यात आपल्या घराच्या कौलांची मधली रेघ कुठल्या दिशेला जाते ते बघायचं, आणि माळ्यावरच्या आढ्याशी कोन करून अँटेना बांधायचा. आढं कशाच्या प्रभावाखाली येत नाही. ते वरून काढलेले फोटो उपग्रहाचे, हे नवऱ्याने मुद्दाम लक्षात आणून दिलं.

पुढचं काम मला येत होतं, निदान तसं वाटलं. पुण्यात लहानपणी बाबा गच्चीवर जायचे, अँटेना सिंहगडावरच्या मनोऱ्याच्या रोखाने फिरवायचे आणि आम्ही खालून "आलं! गेलं! आलं होतं, आता गेलं!" असं ओरडायचो. तीच पद्धत लावली. मी माळ्यावर, सासूबाई टीव्हीपुढे. पण मी हात थांबवायचे तिथे "गेलं" आणि जिथून निघून पुढे यायचे तिथलं "आलं" मागाहून कानावर पडायचं. दोघी एकमेकींवर वैतागलो. डिजिटल सिग्नल पकडून, उलगडून चित्र पडद्यावर यायला काही सेकंद लागतात, त्यामुळे सासूबाईंचं "आलं" नेहमी मागच्या जागेचं होतं. थोडं फिरवायचं, हात काढून घ्यायचा, थांबायचं, मग विचारायचं. टीव्हीच्या मेनूत सिग्नलचा काटाही असतो, ओरडायची गरजच नसते, हे दोघींचे घसे बसल्यावर कळलं.

न्यूयॉर्क आलं. एनबीसी, सीबीएस, फॉक्स, पीबीएस, सगळं लखलखीत. डिशपेक्षाही चित्र स्वच्छ, असं नवरासुद्धा म्हणाला. आता फिलाडेल्फिया. मी दुसरा अँटेना मागवायच्या बेतात होते, तेवढ्यात काकांनी विचारलं, मागची जाळी काढून बघितली का? जाळी नसली की हा अँटेना पुढून जेवढं ऐकतो तेवढंच मागूनही ऐकतो. जोर थोडा कमी होतो, पण आपली दोन्ही शहरं नेमकी समोरासमोर आहेत. चार स्क्रू काढले. स्कॅनमध्ये फिलाडेल्फियाची ३, १०, २९ नंबरची चॅनल्स एकापाठोपाठ आली. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचा अर्धा भाग काढून टाकल्यावर ती दुप्पट चालू लागली, हा प्रकार माझ्या हिशेबात कुठल्या रकान्यात घालायचा ते अजून ठरलेलं नाही.

लांब लहरींच्या चॅनल्ससाठी काकांनी त्यांच्या गराजमधले जुने 'सशाचे कान' दिले, लांब-आखूड होणाऱ्या दोन दांड्या. ते एका छोट्या जोडणी-डबीने मोठ्या अँटेन्याला जोडले. दांड्या पूर्ण ताणल्या तर फिलाडेल्फियाचं ६ डोकं वर काढायचं आणि न्यूयॉर्कचं ७ अडखळायचं. आखडल्या तर उलट. दोन्ही एकदम जमवण्यात मी एक अख्खा शनिवार घालवला. संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "पण दोन्हीकडे एबीसीच आहे. रात्रीचे कार्यक्रम तेच." मी ६ सोडून दिलं.

एव्हाना डिश खरोखर बंद केली होती (या वेळी फोन नवऱ्याने केला) आणि मे महिना लागला. एकेक करून चॅनल्स पुन्हा चौकोनांत फुटू लागली. वायर तपासल्या, जोड घट्ट केले. शेवटी काकांनी मला अंगणात नेलं आणि घराच्या ईशान्येच्या ओकच्या झाडांकडे बोट केलं. मी अँटेना लावला तेव्हा ती खराटे होती. आता पानांनी गच्च भरली होती, आणि ओली पानं या लहरी शोषून घेतात. म्हणून ॲम्प्लिफायर आणला, सिग्नल वाढवणारी डबी. ती लावताच असलेलं सगळंसुद्धा गेलं. या डबीला वीज त्याच टीव्हीच्या केबलमधून वर पाठवायची असते. मी मध्ये डिशच्या काळातला एक स्प्लिटर तसाच ठेवला होता, त्याने वीज वाटेतच अडवली. डबी चालू आहे हे मी हिरव्या दिव्यावरून ठरवलं होतं. तो दिवा खालच्या अडॅप्टरचा होता. स्प्लिटरच्या जागी दोन वायरींना जोडणारा बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा बसवला आणि ओकच्या पानांसकट न्यूयॉर्क परत आलं.

मराठी मालिका आणि क्रिकेट अँटेन्यावर येत नाहीत, ते स्ट्रीमिंगने, म्हणजे इंटरनेटच्या नळाने, घ्यायचं. टीव्हीला एक काडी टोचली आणि झी५ घेतलं. हा भाग सोपा जाईल असं वाटलं होतं. रिमोटच्या बाणांनी पासवर्डचं एकेक अक्षर टिपताना मला माळ्याची आठवण यायची. सासूबाईंचा पहिला प्रश्न, "झी मराठी कितव्या नंबरवर?" नंबरच नसतो, हे त्यांना पटेना. मालिका साडेआठला सुरू व्हायला थांबत नाही, आपण लावू तेव्हा सुरू होते, हेही पटेना. त्या आपल्या साडेआठलाच लावायच्या. मग एका दुपारी त्यांना 'पुढचा भाग' आपोआप सुरू होतो असं कळलं. त्या दिवशी संध्याकाळचा चहा झाला नाही आणि भिशीच्या मैत्रिणींना आठवड्याची गोष्ट आधीच कळली.

क्रिकेटसाठी विलो घेतलं. ९ जून २०२४ला टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत-पाकिस्तान मॅच लाँग आयलंडला, नॅसॉ काउंटीत होती, आमच्या घरापासून साठेक मैलांवर. भारत ११९ मध्ये आटोपला आणि नवऱ्याने सोफ्यावर आडवं होऊन डोळे मिटले. शेवटच्या षटकांत तो उठून बसला. आमच्या पडद्यावर बुमरा अजून धावतच असायचा आणि पुण्याहून दिराचा मेसेज यायचा, "गेला!" स्ट्रीमिंगचं चित्र तुकड्या-तुकड्यांत साठवून पाठवतात, म्हणून ते पाऊण-एक मिनिट मागे पडतं. साठ मैलांवरची विकेट आम्हाला आधी सदाशिव पेठेतून कळत होती. सहा धावांनी जिंकलो तेव्हा नवऱ्याने फोन फ्रीजवर ठेवला होता.

सगळं मिळून आता जुन्या बिलाच्या निम्म्याहून थोडं कमी पडतं. अँटेना, ॲम्प्लिफायर आणि खाज कमी करायची क्रीम यात धरलेली नाही.

सप्टेंबरात ईगल्सची पहिली मॅच ब्राझीलमध्ये, साओ पावलोला होती, शुक्रवारी ६ तारखेला रात्री. देशभरात ती फक्त पीकॉक या स्ट्रीमिंगवर दिसणार होती. पण अशा मॅचेस खेळणाऱ्या संघांच्या गावात साध्या टीव्हीवरही दाखवतात, आणि फिलाडेल्फियात ती एनबीसीच्या १० नंबरवर होती. म्हणजे आमच्या माळ्यावरही होती. मी सव्वाआठला १०.१ लावलं आणि जणू रोजचंच आहे अशा चेहऱ्याने भाजी निवडायला बसले. चित्र एकदाही फुटलं नाही. ईगल्सनी पहिला टचडाउन केला तेव्हा मी ओरडले, आणि बऱ्याच वेळाने आतल्या खोलीतून तसंच ओरडणं ऐकू आलं. आत जाऊन बघते तर पाहुण्यांच्या खोलीतल्या टीव्हीवरच्या चादरी पलंगावर, आणि समोर नवरा पीकॉक लावून बसलेला. म्हणाला, "तुझ्यावर विश्वास आहे गं, त्या ओकवर नाही."

पीकॉकची वर्गणी अजून चालू आहे. ती बंद करायला फोन करावा लागत नाही, नुसतं बटण दाबायचं असतं. ते बटण कुठे आहे हे आम्ही दोघंही शोधतोय.